बिलोलीकरबाईंची डावी पानं

बिलोलीकरबाईंचं इंग्रजी माझ्याइतकं चांगलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला जरा बळ येईल. त्यांचे पहिले तीन-चार वर्ग उर्दू शाळेत झाले, मग मराठी शाळा, आणि इंग्रजी त्यांच्या वाट्याला आलं ते बऱ्याच उशिरा. स्टेशनला त्या शेवटपर्यंत इस्टेशन म्हणत राहिल्या. मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. माझे उच्चार ऐकायला इतर विषयांचे प्राध्यापक वर्गाच्या दाराशी रेंगाळतात, अशी माझी समजूत होती.

आम्ही दोघी हैदराबादच्या एका पदवी कॉलेजात पहिल्या वर्षाला इंग्रजी निबंधलेखन शिकवत होतो. अ तुकडी माझी, ब त्यांची. मध्ये लाकडी पार्टिशन होतं आणि त्यातून सगळं ऐकू येई.

देशाची दारं उघडली असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती, ते दिवस. कॉलेजसमोरच्या रस्त्यावर दर महिन्याला एका नव्या कॉम्प्युटर क्लासची पाटी लागे. पालक येऊन विचारत, ‘मॅडम, मुलाचं इंग्रजी अमेरिकेला चालेल ना?’ माझ्याकडे त्यावर उत्तर होतं. मी वर्षाला तीस निबंध तयार करून सांगत असे, मुलं ते उतरवून घेत, पाठ करत आणि परीक्षेत चोख लिहीत. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ‘सुनंदा मॅडमचे निबंध’ पिना मारून मिळत. मी वरवर रागावत असे. पण बसची वाट पाहताना त्या दुकानाकडे तोंड करूनच उभी राहत असे.

बाई आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून बदलून आल्या होत्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. उंच, हडकुळ्या, हातमागाची साडी घोट्याच्या वर आलेली, दोन्ही खांद्यांवर रेक्झिनच्या दोन पिशव्या, त्यांत वह्या. अंबरपेठेतल्या घरून चालत येत आणि चालतच जात. डबा बहुतेक दिवस विसरलेला असे. मग आमच्यातल्या कोणाच्याही डब्यात त्या निःसंकोच हात घालत आणि मीठ कमी आहे हेही सांगत. त्याचा मला राग येई आणि दुसऱ्या दिवशी मी भाजी जरा जास्त घेऊन येई, याचाही राग येई.

तपासायला त्या लाल शाई वापरत नसत. पेन्सिलने लिहीत. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, मुलाला आपलं म्हणणं पटलं नाही तर त्याला खोडता यायला पाहिजे.

त्यांच्या वह्यांचा नियम होता. उजव्या पानावर निबंध, डाव्या पानावर त्याचा कच्चा खर्डा. डावं पान फाडायचं नाही, खोडलेलं दिसलं पाहिजे. आणि निबंधाच्या खाली तीन ओळी: कोणाला विचारलं, काय वाचलं, कुठून उचललं. खाली जे कबूल केलं असेल त्याचे गुण जात नसत. न सांगता उचललेलं सापडलं की त्या वही गुण न देता परत करत, ओरडत नसत, ‘पुन्हा लिही’ म्हणत. ‘चूक चालेल, पण तुझी असू दे,’ हे वाक्य पार्टिशनमधून मी इतक्या वेळा ऐकलं की मला त्याचा वीट आला होता.

पार्टिशनमधूनच एकदा मला माझंच वाक्य ऐकू आलं. नरसिम्हा नावाचा, खेड्यातून आलेला एक मुलगा गावच्या जत्रेवरचा निबंध वाचून दाखवत होता आणि तो निबंध माझा होता. झेरॉक्सवाल्याकडून आणलेला. किरमिजी रंगाचा गोल फिरणारा पाळणा, वाऱ्याबरोबर येणारा फुलांचा सुगंध. मी आयुष्यात एकही जत्रा पाहिलेली नव्हती. माझ्या तुकडीला लिहायला लावून मी कान तिकडे लावला. बाईंनी त्याला विचारलं की फुलं कसली होती. तो गप्प. पाळणा कोण फिरवत होतं? गप्प. मग त्या तेलुगूत म्हणाल्या की बाबा, वही मीट आणि तुझ्या जत्रेत काय असतं ते मला तुझ्या भाषेत सांग.

आधी तो अडखळला, मग सुरू झाला. बोकडाच्या कपाळाला हळद कशी लावतात, त्याने अंग झटकलं की देवाने कौल दिला, म्हणून त्याच्यावर पाणी शिंपडतात आणि तो झटकत नाही तोवर सगळं गाव कसं श्वास धरून उभं असतं. एका वर्षी बोकड अर्धा तास नुसता उभा राहिला आणि सरपंच त्याच्यापुढे हात जोडून रडायला लागला. ब तुकडी हसून लोटपोट झाली. माझी मुलं लिहायची थांबली आणि तीही हसली. मी टेबलावर डस्टर आपटलं. पलीकडे बाई म्हणत होत्या, ‘हेच लिही. इंग्रजी मोडकं आलं तर मी आहे की.’

तो निबंध कोणाचा आहे हे त्यांनी ओळखलं असणारच. स्टाफरूममध्ये त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं.

दुसरी गोष्ट रेल्वे क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या एका मुलाची. त्याने वडिलांच्या मृत्यूवर निबंध लिहिला. हॉस्पिटलचा जिना, आईच्या हातातली वडिलांची चष्म्याची डबी, घरी परतताना रिक्षात झालेली जास्तीची जागा. तो वाचून बाई स्टाफरूममध्ये पदराने डोळे पुसत बसल्या आणि आम्हांलाही वाचून दाखवला. सगळ्यांचे डोळे ओले झाले. पंधरा दिवसांनी मुलाचे वडील हजेरीची चौकशी करायला स्वतः कॉलेजात आले. रेल्वेच्या खाकी कपड्यात, ठणठणीत.

मी तिथेच बसले होते. नाव ऐकल्यावर बाईंचा चेहरा कसा होतो, ते मी डोळे भरून पाहिलं. मग बाईंनी त्यांना बसवलं, चहा मागवला, मुलगा फार छान लिहितो असं सांगितलं आणि निरोप देताना ‘तब्येत सांभाळा’ म्हणाल्या. ते गृहस्थ भारावून गेले.

नंतर मुलाला बोलावलं. तो मान खाली घालून उभा राहिला. बाईंनी वही त्याच्यापुढे ठेवली आणि शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं. तिथे ‘कोणाची मदत नाही’ असं लिहिलेलं होतं. त्याच्या खाली त्यांनी त्याच्याकडून एकच शब्द लिहून घेतला: काल्पनिक. गुण तसेच राहू दिले. मी न राहवून म्हणाले की हा सरळ सरळ खोटेपणा आहे. बाई म्हणाल्या, ‘खोटं लिहिलं, हौ. पण चोरलं नाही. आता काल्पनिक म्हणून सांगितलं, तर खोटंही राहिलं नाही.’

ही गोष्ट मी आठवडाभर सगळ्या कॉलेजात सांगत हिंडले. बाई कशा फसल्या, कशा रडल्या. लोक हसले खरे. पण ज्याला सांगावं तो शेवटी म्हणे, मोठ्या मनाची बाई आहे हो. मग मी सांगायचं बंद केलं.

पुढच्या वर्षी माझी मुलगी मेधा आमच्याच कॉलेजात आली. आईच्या तुकडीत मुलगी नको म्हणून प्राचार्यांनी तिला ब तुकडीत घातलं. तोवर बाईंचा हेवा मी कॉलेजात ठेवून कुकटपल्लीची बस धरत असे. आता तो माझ्याबरोबर बसमध्ये बसून घरी येऊ लागला. मॅडम असं म्हणाल्या, मॅडम तसं म्हणाल्या. मेधा भाजी निवडताना सांगे, तिचे बाबा कारखान्यातून आले की त्यांना पुन्हा सांगे. एका संध्याकाळी मी तिला एका शब्दाचा अर्थ सांगितला तर म्हणाली, उद्या मॅडमना विचारते. मी त्याच विषयाची एम. ए. होते आणि तिची आई होते.

त्या वर्षी शहरातल्या कॉलेजांची पहिल्या वर्षासाठी निबंधस्पर्धा होती. ‘ज्यांच्याकडून मी शिकले’ असा विषय. प्रत्येक कॉलेजातून एकच निबंध जायचा आणि आमच्याकडे तो निवडायचं काम बाईंकडे होतं. दोन्ही तुकड्यांच्या वह्या त्यांच्याकडे जाणार होत्या.

रविवारी दुपारी मेधाने डावीकडची पानं लिहून झाल्यावर वही मला दाखवली. स्वतःहून दाखवली, हे मला विसरता येत नाही. निबंध बिलोलीकरबाईंवर होता.

मी आधी व्याकरण दुरुस्त केलं. मग एक वाक्य बदललं, मग एक परिच्छेद. मग मी तिला म्हणाले की परीक्षकच जिथे मॅडम, तिथे मॅडमवर लिहिलेलं बरं दिसत नाही. त्यात खरेपणाही होता, म्हणून मला ते इतक्या सहज म्हणता आलं. त्यापेक्षा आजोबांवर लिही. माझे वडील शाळामास्तर होते. मी कागद घेऊन बसले आणि तासाभरात निबंध उभा केला. सुरेख झाला होता. मेधा समोर बसून होती. ‘उतरवून घे,’ मी म्हणाले. तिने वही उचलली आणि आतल्या खोलीत गेली.

खरं सांगायचं तर मला स्पर्धेचं बक्षीस नको होतं. बिलोलीकरबाईंनी मला किती गुण दिले असते, ते मला पाहायचं होतं.

त्यांनी निवडला तो ब तुकडीतल्या शाहीन नावाच्या मुलीचा निबंध. तिच्या वडिलांचं कपड्यांना रफू करायचं दुकान होतं. उलट बाजूने धागा कसा ओढायचा ते वडिलांनी तिला शिकवलं, एवढीच गोष्ट. व्याकरणाच्या मी नऊ चुका काढल्या. मेधाची वही गुण न देता परत आल्याचं कळलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. सहकाऱ्याच्या मुलीवर डूख धरून अन्याय केला, चुकांनी भरलेला निबंध पाठवून कॉलेजची शोभा केली, आणि कच्च्या खर्ड्यांच्या नावाखाली दर्जा खाली आणला, असं सगळं लिहिलं. इंग्रजी उत्तम होतं.

प्राचार्यांनी आम्हां दोघींना एकदम बोलावलं. त्यांनी बाईंना विचारलं की मेधाच्या निबंधात काय दोष होता. बाई म्हणाल्या की निबंधात दोष नव्हता. मग निवडला का नाही? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही, कारण मी बरोबर आहे असं मला त्या वेळी मनापासून वाटत होतं.

‘ते मला सांगता येणार नाही,’ बाई म्हणाल्या.

प्राचार्यांनी वही मागितली. बाई म्हणाल्या, वही मुलीची आहे, मुलीला परत दिली, आणि तिच्याकडून ती मागवून घेऊ नये अशी विनंती आहे. प्राचार्य शिस्तीचे होते. विचारलेल्याला उत्तर न देणं त्यांना सर्वांत मोठा अपराध वाटे. पुढच्या सत्रापासून लेखनाच्या दोन्ही तुकड्या माझ्याकडे आल्या आणि बाईंना संध्याकाळच्या वर्गांचं व्याकरण दिलं. शाहीनचा निबंध गेला, त्याला काही बक्षीस मिळालं नाही, आणि मी ते स्टाफरूममध्ये दोनदा बोलून दाखवलं. बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘तिला ते आवडलं नाही, बिचारी दोन दिवस रडली.’ जणू मी शाहीनचीच चौकशी केली होती.

पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना आता माझाच आवाज होता. ब तुकडीने माझे निबंध उतरवून घेतले. आईच्या तुकडीत मुलगी नको, हे आता प्राचार्यांना आठवलं नाही. मेधा तिसऱ्या बाकावर बसून सगळ्यांसारखीच खाली मान घालून लिहीत असे. घरी मॅडमचं नाव निघेनासं झालं. मला वाटलं, विसरली.

त्यानंतर तीन वर्षांनी मेधाला अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करायचे होते. त्यात स्वतःबद्दल दोन पानं लिहून द्यावी लागत. एव्हाना अशी पानं मी बऱ्याच मुलांना लिहून दिली होती. मी सहज म्हणाले, आण, लिहून देते. ती म्हणाली, ‘नको, आई.’ मी पुन्हा म्हणाले. तेव्हा ती उठून ट्रंकेतली जुनी वही घेऊन आली, माझ्यासमोर ठेवली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

उजव्या पानांवर माझे वडील होते. शेवटी त्या तीन ओळी. कोणाला विचारलं, त्यापुढे मेधाने लिहिलं होतं: ‘हा निबंध माझ्या आईने लिहिला आहे. माझा डाव्या पानांवर आहे.’ त्याखाली पेन्सिलने, बारीक अक्षरात: ‘वाचला. तो पाठवता येणार नाही, कारण तो माझ्यावर आहे. हाही नाही, कारण तो तुझा नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. आईवर रागावू नकोस.’

मग मी डावी पानं वाचली. त्या रविवारी मी ती दुरुस्त केली होती, वाचली नव्हती. मेधाने लिहिलं होतं की मॅडमना एखादा शब्द आला नाही की त्या सांगतात, आला नाही. मग वर्ग तसाच सोडून लायब्ररीत जातात आणि धापा टाकत परत येतात, आणि तोवर आम्हीही तो शब्द शोधत बसलेले असतो. पुढे होतं: ‘माझ्या घरी सगळ्यांना सगळं येतं. त्यामुळे मी घरी काही विचारत नाही.’ या वाक्यावर माझीच लाल रेघ होती. ‘सगळं’ दोनदा आलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी अंबरपेठेला गेले. बाई अंगणात चटईवर बसून हरभरे सोलत होत्या. निवृत्तीला काही महिने उरले होते. मला पाहून त्यांनी चटईवरची जागा हाताने झटकली. मी वही पुढे केली. त्यांनी ती ओळखली, उघडली नाही.

‘तुम्ही तेव्हा ही दाखवली असती, तर मी एका मिनिटात खोटी पडले असते,’ मी म्हणाले.

‘हौ.’

‘मग का नाही दाखवली?’

‘तिने ते माझ्यासाठी लिहिलं होतं, सुनंदाबाई. प्राचार्यांसाठी नव्हतं लिहिलं. एकदा मी ती ओळ दुसऱ्याला दाखवली असती, तर पुन्हा कोणत्या मुलाने खरं लिहिलं असतं? आणि तिला तुमच्याच घरी राहायचं होतं.’

मी विचारलं की निबंध माझा आहे हे त्यांना त्या ओळीवरूनच कळलं का. त्या हसल्या. म्हणाल्या, दुसऱ्या वाक्याला कळलं होतं, तुमचं वाक्य मी कुठेही ओळखीन. मग म्हणाल्या, ‘वडिलांवरचा तो भाग चांगला होता. ते छडी मोडून खिडकीबाहेर टाकतात तो. तो तुम्ही स्वतः पाहिलेला होता ना?’

पाहिलेला होता. मी सहा वर्षांची होते. माझ्या लिहिण्याबद्दल असा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता. मला रडू आलं आणि रडतानाही आत कुठेतरी वाटत राहिलं, की हे माझ्या मुलीला सत्रभर रोज मिळालं.

मी क्षमा मागितली. त्यांनी ती घेतली किंवा नाकारली असं काही झालं नाही. त्यांनी विचारलं की मेधाचा अर्ज कोण लिहितंय. तीच लिहिते आहे म्हटल्यावर मान हलवली आणि मूठभर हरभरे माझ्यापुढे केले.

प्राचार्यांना मी पत्र लिहिलं. अर्ध्या पानाचं, पण चार दिवस लागले, कारण प्रत्येक खर्ड्यात मी कुठून तरी बाजू सावरून घेत होते. प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं, म्हणाले, आता याचं काय करू, आणि फाइलला लावलं. लेखनाचा तासच पुढच्या वर्षापासून बंद होणार होता. त्या वेळात कॉम्प्युटर शिकवायचं ठरलं होतं. बाई त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी भाषण करायची पाळी माझ्यावर होती. सगळं सांगावं असं ठरवून मी उभी राहिले आणि त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल बोलले. त्या कधीच वेळेवर येत नसत.

मेधा अमेरिकेला गेली. तिची पत्रं येत. बाईंनाही येत असणार. मी विचारलं नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. काही कामासाठी अंबरपेठेला गेले होते आणि परतीच्या बसची वाट पाहत होते. थांब्यामागे कॉम्प्युटर क्लास होता, रस्त्याच्या बाजूला सगळी काच. आत विशीतली मुलं-मुली रांगेने बसली होती आणि तिसऱ्या यंत्रापुढे बिलोलीकरबाई. चष्मा कपाळावर चढवलेला, नाक पडद्याला टेकेल इतक्या पुढे वाकलेल्या. एका बोटाने त्या अक्षर शोधत, सापडलं की दाबत आणि आलं का ते वर बघत. शेजारची मुलगी काहीतरी दाखवू लागली तर बाईंनी तिचा हात हलकेच बाजूला केला. मग काहीतरी बिघडलं असावं. त्यांनी हात वर केला, सरळ उंच, आणि शिकवणारी पोरगी येईपर्यंत तसाच ठेवला. पोरगी मेधाच्या वयाची. ती काय सांगत होती ते काचेतून ऐकू येत नव्हतं. बाई मान वर करून तिच्याकडे पाहत होत्या आणि माझी खात्री आहे की तिला मॅडम म्हणत होत्या.

मला त्यांचा हेवा वाटला. कॉलेजातल्या सगळ्या वर्षांत वाटला नव्हता इतका.

कुकटपल्लीची बस आली. माझ्यामागच्या बाईने विचारलं, चढणार आहात का. मी बाजूला सरून तिला वाट दिली आणि पुन्हा काचेकडे वळले.